रक्त गेलं, हे शरीराला कळतं कसं?

१९१७ साली हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन फ्रान्समधल्या बेथ्यून इथे पोचले. पहिल्या महायुद्धाची आघाडी तिथून जवळच होती आणि जखमी सैनिकांवरची पहिली मोठी शस्त्रक्रिया करणारं ब्रिटिश लष्करी रुग्णालय त्या गावात होतं. कॅनन यांना जखमांपेक्षा जखमींच्या ‘शॉक’ या अवस्थेत जास्त रस होता. पांढराफटक चेहरा, गार घामानं थबथबलेलं अंग, हाताला न लागणारी नाडी, न भागणारी तहान. त्यातल्या अनेकांना श्वास पुरत नसे. छातीला साधा ओरखडाही नाही, गोळी मांडीत लागलेली, आणि तरीही माणूस तोंड उघडून खोल खोल श्वास ओढतोय, अंगावरचं पांघरूण भिरकावून देतोय.

फुप्फुसं शाबूत आहेत आणि हवा आत जाते आहे. जे काही रक्त शिल्लक आहे, तेही फुप्फुसातून जाताना ऑक्सिजनने पुरेपूर भरून निघतं. मग ऑक्सिजन कमी पडतोय ही खबर मेंदूपर्यंत कोण नेतं? या प्रश्नाच्या उत्तराला जवळजवळ शंभर वर्षं लागली. ते गेंट, माद्रिद, लंडन, शिकागो, ऑक्सफर्ड अशा दूरदूरच्या प्रयोगशाळांत तुकड्यातुकड्यानं सापडलं, आणि त्यातले कित्येक तुकडे रक्त काढून घेतलेल्या सशांनी, मांजरांनी, उंदरांनी आणि कुत्र्यांनी दिले. त्या प्राण्यांचं हे ऋण या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवं.

कॅनन यांना जखमींच्या रक्तातला अल्कधर्मी साठा घटलेला आढळला. म्हणून त्यांनी सोडा बायकार्बोनेट देऊन पाहिलं, पण त्यानं शॉक हटला नाही. मग चिरडलेल्या स्नायूंतून एखादं विष रक्तात उतरत असावं, या कल्पनेनं जोर धरला. ती कल्पना मोडायला १९३० साल उजाडावं लागलं. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी कुत्र्याच्या जायबंदी पायाचं आणि धडधाकट पायाचं वजन करून दोन्हींची तुलना केली. सुजलेल्या पायात झिरपून अडकलेलं रक्त आणि द्रव इतके होते, की शॉक येण्यासाठी आणखी कुठलं विष शोधायची गरजच नव्हती. त्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत रुजू झालेले व्हिव्हियन थॉमस पुढची कित्येक वर्षं हे प्रयोग स्वतःच्या हातानं करत होते. ते कृष्णवर्णीय होते, म्हणून त्यांच्या नावाला मान मिळायला अनेक दशकं जावी लागली. शॉकचं कारण म्हणजे रक्ताभिसरणातून हरवलेलं रक्त, एवढं आता पक्कं झालं. हरवलेल्या रक्ताची वर्दी कोण देतं, हे मात्र अजून कळायचं होतं.

वर्दी देणारा अवयव शरीरशास्त्रज्ञांना फार आधीपासून माहीत होता, फक्त त्याचं काम कुणाला ठाऊक नव्हतं. डोक्याकडे जाणारी कॅरोटिड रोहिणी गळ्यात जिथे दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते. १७४३ मध्ये आल्ब्रेख्त फॉन हालर यांचे विद्यार्थी हार्टविग टाउबे यांनी तिचं वर्णन करून ठेवलं होतं. पुढची पावणेदोनशे वर्षं ही कॅरोटिड बॉडी कधी मज्जातंतूंची गाठ ठरली, तर कधी ग्रंथी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची गणना अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या गोतावळ्यात होत होती.

माद्रिदमध्ये सांतियागो रामोन इ काहाल यांच्या हाताखाली तयार झालेल्या फर्नांदो दे कास्त्रो यांना ते पटेना. त्यांनी एक अवघड प्रयोग केला. या गाठीकडे येणारा मज्जातंतू त्यांनी कवटीच्या आत, त्याच्या मज्जागंडाच्या वर कापला. मेंदूकडून गाठीला हुकूम नेणारे तंतू असते, तर ते कापल्यावर सुकून गेले असते. पण गाठीतली टोकं जशीच्या तशी राहिली. म्हणजे हे तंतू हुकूम आणणारे नव्हते, खबर नेणारे होते. गाठीतल्या पेशींभोवती रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, आणि पेशींना बिलगलेले हे संवेदी तंतू. १९२८ मध्ये दे कास्त्रो यांनी लिहिलं, की या पेशी रक्तात होणारे रासायनिक बदल चाखत असाव्यात. सूक्ष्मदर्शकाखालच्या नुसत्या रचनेवरून काम ओळखण्याची अशी उदाहरणं विज्ञानात फार थोडी आहेत.

त्याच सुमारास बेल्जियममधल्या गेंट इथे जाँ-फ्रान्स्वा हेमान्स आणि त्यांचा मुलगा कॉर्नेय हेमान्स एक प्रयोग करत होते. तो वाचताना आजही अंगावर काटा येतो. एका कुत्र्याचं डोकं धडापासून जवळजवळ पूर्ण वेगळं केलेलं. दोघांना जोडणारे फक्त व्हेगस मज्जातंतू. डोक्याला रक्तपुरवठा दुसऱ्या कुत्र्याच्या शरीरातून, आणि धड कृत्रिम श्वासावर जिवंत ठेवलेलं. धडातल्या रक्ताचा दाब किंवा त्यातला ऑक्सिजन बदलला, की डोक्याच्या श्वासाच्या हालचाली बदलत. डोक्यातल्या रक्ताला काहीही झालेलं नसताना! म्हणजे वर्दी रक्तावाटे जात नव्हती, मज्जातंतूंतून जात होती. १९२७ मध्ये महारोहिणीपाशी हे सिद्ध झालं, आणि १९३० च्या सुमारास कॉर्नेय यांनी गळ्यातल्या कॅरोटिड बॉडीचंही हेच काम असल्याचं दाखवलं. १९३८ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला मिळालं. वडील १९३२ मध्ये निवर्तले होते. दे कास्त्रो यांचं नाव त्यात नव्हतं. मधल्या काळात स्पेन यादवी युद्धात होरपळत होता आणि माद्रिदमधलं संशोधन ठप्प झालं होतं. दे कास्त्रो यांच्यावर हा अन्याय झाला, असं या क्षेत्रातले अनेक अभ्यासक आजही म्हणतात, आणि ते खोटं नाही.

इथे एक कोडं उभं राहिलं. कॅरोटिड बॉडी खरोखर ऑक्सिजन मोजते, तर अ‍ॅनिमियाच्या रुग्णाला निवांत पडलेला असताना धाप का लागत नाही? त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन निम्मं असतं, म्हणजे ऑक्सिजनही निम्माच. पेनसिल्व्हेनियात ज्युलियस कॉमरो आणि कार्ल श्मिट यांनी १९३८ मध्ये याचा माग काढला. ही गाठ रक्तातल्या ऑक्सिजनचा साठा मोजत नाही, तर त्याचा दाब मोजते. तांबड्या पेशी कमी असल्या, तरी फुप्फुसातून आलेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब नेहमीइतकाच असतो.

हे कसं शक्य आहे, हे १९५४ मध्ये डेली, लँबर्टसन आणि श्वाइट्झर यांनी मांजरावर केलेल्या मोजमापांतून उलगडलं. या इवल्याशा अवयवातून दर १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला सुमारे २,००० मिलिलिटर रक्त वाहत होतं. मेंदूत हाच आकडा सुमारे ५० असतो. इतका प्रचंड पुरवठा असल्यावर पेशींना लागणारा ऑक्सिजन नुसत्या रक्तद्रवात विरघळलेल्या भागातूनही जवळपास भागतो. हिमोग्लोबिन उतरलं, तरी गाठीला त्याची फारशी झळ लागत नाही.

हा ओघ आटला तर मात्र गोष्ट वेगळी. मोठ्या रक्तस्रावात नेमकं हेच होतं.

१९५१ मध्येच स्वीडनचे स्वेन लांडग्रेन आणि लंडनचे एरिक नील यांनी मांजरांचं रक्त काढून कॅरोटिड बॉडीकडून निघणाऱ्या मज्जातंतूतले विद्युतसंदेश टिपले होते. रक्तदाब उतरला तसा संदेशांचा मारा वाढत गेला, जरी रोहिणीतल्या रक्तात ऑक्सिजन भरपूर होता. रक्त कमी झालं की सहानुकंपी मज्जासंस्था शरीरभर रक्तवाहिन्या आवळते. त्यात या गाठीच्याही वाहिन्या आवळल्या जातात. दाब आधीच पडलेला, वर वाट अरुंद झालेली, त्यामुळे गाठीतल्या पेशी उपाशी राहतात आणि बोंब मारतात. बेथ्यूनच्या सैनिकांच्या त्या धापेचं मोठं कारण इथे सापडलं. नील यांनी केनी यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली. या संवेदी अवयवांचा संबंध तोडला, तर रक्तस्राव झालेल्या प्राण्याचा रक्तदाब आणखी खाली जातो. म्हणजे गाठीची ही ओरड केवळ श्वास वाढवत नाही. स्नायू, आतडी, त्वचा यांच्याकडे जाणारं रक्त आखडून ते हृदय आणि मेंदू यांच्यासाठी राखून ठेवते. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड लिटर गेलं, तरी तो काही काळ शुद्धीवर राहू शकतो, तो याच तडजोडीच्या जोरावर.

छातीत महारोहिणीपाशी असलेल्या भावंड-गाठींचा स्वभाव थोडा निराळा निघाला. कोलकात्याहून आलेले आणि १९६०-६१ च्या ‘सिल्व्हर हट’ हिमालयीन मोहिमेत सहभागी झालेले सुखमय लाहिरी पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्थिरावले. तिथे १९८० च्या आसपास त्यांच्या गटानं मांजरांमध्ये दोन्ही गाठींची तुलना केली. या शोधनिबंधांच्या सहलेखकांत मोकाशी हे मराठी वाचकाच्या ओळखीचं आडनाव दिसतं. रक्तदाब पडला किंवा कार्बन मोनॉक्साइडनं हिमोग्लोबिन अडवून धरलं, तर महारोहिणीच्या गाठी कॅरोटिड बॉडीपेक्षा कितीतरी जोरात प्रतिसाद देत होत्या. त्यांना रक्तपुरवठा तुलनेनं बेताचा, म्हणून टंचाई आधी जाणवते.

पेशीच्या आत काय घडतं, ते कळायला वेगळं तंत्र लागलं. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी विकसित केलेल्या पॅच क्लॅम्प पद्धतीनं एकट्या पेशीतला विद्युतप्रवाह मोजता येऊ लागला होता. १९८८ मध्ये दे कास्त्रो यांच्याच देशातले होसे लोपेझ-बार्नेओ यांनी ही काचेची सूक्ष्म नळी सशाच्या कॅरोटिड बॉडीतल्या पेशीला लावली. ऑक्सिजन कमी केल्याबरोबर पेशीच्या पटलातल्या पोटॅशियमच्या वाहिन्या मिटू लागल्या. पोटॅशियम बाहेर जाईना, म्हणून पेशीच्या आतबाहेरचा विद्युतदाब बदलला. त्यानं कॅल्शियमचे दरवाजे उघडले. कॅल्शियम आत शिरताच डोपामीन, एटीपी, अ‍ॅसिटिलकोलिन अशी रसायनं भरलेल्या पुटिका फुटून मज्जातंतूवर रित्या झाल्या. हे सगळं क्षणार्धात. दे कास्त्रो यांनी ज्या पेशी रक्त चाखतात असं म्हटलं होतं, त्याच या.

पण वाहिन्यांना तरी कोण सांगतं? बोट मायटोकाँड्रियाकडे वळलं. तिथे ऑक्सिजन प्रत्यक्ष खर्च होतो. सेव्हिल इथल्या लोपेझ-बार्नेओ यांच्या गटानं २०१५ मध्ये उंदरांच्या या पेशींतून मायटोकाँड्रियाच्या पहिल्या श्वसनसंकुलाचा एक महत्त्वाचा घटक काढून टाकला. त्या पेशींना कार्बन डायऑक्साइड वाढलेला कळत होता, ऑक्सिजन घटलेला मात्र कळेनासा झाला. ही साखळी पूर्ण जुळलेली नाही, आणि प्रत्येक प्राण्यात मिटणाऱ्या वाहिन्याही एकाच जातीच्या नाहीत. तरी रक्त गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत ओरडणारी पेशी कशी ओरडते, याचा आराखडा आता हाती आहे.

ओरडूनही मदत आली नाही, तर इतर पेशींचं काय होतं, हे अमेरिकेत टॉम शायर्स यांच्या गटानं १९६० आणि ७० च्या दशकांत मोजलं. डॅलसच्या ज्या पार्कलंड रुग्णालयात ते काम करत, तिथे नोव्हेंबर १९६३ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा आरोप असलेल्या, रक्तबंबाळ ली हार्वी ओस्वाल्डवर शस्त्रक्रिया केली होती. तो वाचला नाही. दीर्घकाळ शॉकमध्ये असलेल्या माकडांच्या स्नायूपेशींच्या पटलावरचा विद्युतदाब ढासळत जातो, असं या गटाला आढळलं. ऊर्जा नाही, म्हणून सोडियम बाहेर फेकणारा पंप थकतो. सोडियम आत साचतं, पाठोपाठ पाणी शिरतं आणि पेशी फुगतात. अशा रुग्णाला नुसतं गेलेलं रक्त परत देऊन भागत नाही, पेशींत शिरलेल्या पाण्याचाही हिशेब धरावा लागतो. सलाईन किती द्यायचं, या वादाला तेव्हापासून तोंड फुटलं.

वाचलेल्या माणसाचं पुढे काय? रक्तदाब सावरतो, आजूबाजूच्या ऊतींतलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढलं जातं, एक-दोन दिवसांत रक्ताचं आकारमान भरून निघतं. ओघ परत आला, की कॅरोटिड बॉडी शांत होते. तिच्या दृष्टीनं संकट टळलं. पण आता रक्त पातळ आहे. गेलेल्या अब्जावधी तांबड्या पेशी गेल्याच आहेत. त्यांची मोजदाद ठेवणारा अवयव दुसराच आहे, आणि त्याचा शोध कॅनन बेथ्यूनला पोचण्याच्याही आधी पॅरिसमध्ये सुरू झाला होता.

१९०६ मध्ये पॉल कार्नो आणि क्लोतिल्द देफ्लांद्र यांनी एका सशाचं रक्त काढलं. त्यानंतर त्याचा रक्तरस दुसऱ्या, धडधाकट सशाला टोचला. दुसऱ्या सशाच्या तांबड्या पेशी वाढल्या, असा त्यांचा दावा होता. वाढ इतकी झपाट्याची सांगितली होती, की आजच्या ज्ञानानुसार ती अशक्यच वाटते. इतरांना तो निकाल मिळेना आणि कल्पना बाजूला पडली. कल्पना मात्र बरोबर होती. १९५३ मध्ये अ‍ॅलन अर्स्लेव्ह यांनी रक्त काढलेल्या सशांचा रक्तद्रव मोठ्या प्रमाणात आणि पुन्हा पुन्हा टोचून पाहिला, तेव्हा दुसऱ्या सशांत कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या निर्विवादपणे वाढली. रक्तात काहीतरी सोडलं जात होतं. कुठून? शिकागोत लिऑन जेकबसन आणि यूजीन गोल्डवॉसर यांनी उंदरांचे अवयव एकामागून एक काढून पाहिले. १९५७ मध्ये उत्तर आलं: मूत्रपिंड.

ते संप्रेरक, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, शुद्ध रूपात मिळवायला गोल्डवॉसर यांना आणखी वीस वर्षं लागली. शेवटी मदत जपानहून आली. कुमामोतोचे ताकाजी मियाके यांनी अस्थिमज्जा निकामी झालेल्या रुग्णांचं २,५५० लिटर मूत्र जमवून, सुकवून १९७५ मध्ये शिकागोला आणलं. त्यातून हाती लागलेलं शुद्ध संप्रेरक जेमतेम काही मिलिग्रॅम होतं. १९८९ मध्ये औषध म्हणून मान्यता मिळालेल्या एरिथ्रोपोएटिनमागे ही चिकाटी आहे. आज डायलिसिसवरचे असंख्य रुग्ण वारंवार रक्त चढवून न घेता जगतात, ते त्यामुळे.

मूत्रपिंडच का? या अवयवाची घडणच तशी आहे. मूत्रपिंडात जितकं रक्त येतं, तितकं सोडियम गाळलं जातं, आणि ते परत शोषून घेण्यातच त्याचा बहुतेक ऑक्सिजन खर्च होतो. ओघ घटला, तर गाळणं घटतं आणि खर्चही घटतो. म्हणून ओघातल्या चढउतारांनी मूत्रपिंडातला ऑक्सिजनचा दाब फारसा हलत नाही. तो हलतो रक्तात तांबड्या पेशी कमी झाल्या की. कॅरोटिड बॉडीच्या नेमकं उलट! रक्तस्रावात दोन गोष्टी जातात, दाब आणि पेशी. एकीची खबर गळ्यातली गाठ देते, दुसरीची मूत्रपिंड.

१९८८-८९ मध्ये कोरी आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनिमिक उंदरांच्या मूत्रपिंडात हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशी नेमक्या शोधून काढल्या. मूत्रनलिकांच्या मधल्या जागेत त्या विखुरलेल्या होत्या. रक्त जितकं पातळ, तितक्या अधिक पेशी कामाला लागत. एकेक पेशी आपलं उत्पादन हळूहळू वाढवत नव्हती. ती एकतर पूर्ण जोमानं काम करे, नाहीतर गप्प बसे. अ‍ॅनिमिया तीव्र झाला, की माणसाच्या रक्तातली एरिथ्रोपोएटिनची पातळी हजार पटींपर्यंत चढू शकते.

या पेशींना आत काय सांगतं, हे बाल्टिमोरचे ग्रेग सेमेन्झा यांनी १९९० च्या दशकात उकललं. एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाला चालू करणारं प्रथिन त्यांना सापडलं. त्याला हिफ म्हणतात. ऑक्सिजन असताना पेशी हिफ बनवते आणि पाच मिनिटांच्या आत मोडूनही टाकते. ऑक्सिजन कमी पडला, की हे मोडणं थांबतं. १९९३ मध्ये ऑक्सफर्डचे मूत्रपिंडतज्ज्ञ पीटर रॅटक्लिफ यांच्या गटानं दाखवलं, की ही यंत्रणा मूत्रपिंडापुरती नाही, शरीरातल्या कितीतरी वेगवेगळ्या पेशींत आहे. बोस्टनचे विल्यम केलिन एका आनुवंशिक कर्करोगाचा माग काढत याच ठिकाणी येऊन पोचले. २००१ मध्ये दोन्ही गटांनी शेवटची कडी जुळवली: काही विकरं ऑक्सिजनचाच वापर करून हिफवर एक रासायनिक खूण करतात, आणि ती खूण असलेलं हिफ नष्ट केलं जातं. ऑक्सिजन नाही तर खूण नाही. या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. ही विकरं रोखणाऱ्या गोळ्याही आल्या. अहमदाबादच्या झायडस कंपनीच्या देसिडुस्टॅटला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली.

त्याआधी, २००२ मध्ये, दोन्ही कथा एका ठिकाणी आल्या. बडोद्यात शिकलेले आणि पुढे अमेरिकेत कॅरोटिड बॉडीचा अभ्यास करणारे नंदुरी प्रभाकर यांनी सेमेन्झा यांच्याबरोबर हिफच्या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत असलेले उंदीर तपासले. त्यांची कॅरोटिड बॉडी दिसायला अगदी नेहमीसारखी होती. पण ऑक्सिजन कमी केल्यावर तिला ते जवळपास कळतच नव्हतं. क्षणात प्रतिसाद देणारी पेशीही तिची संवेदना शाबूत ठेवण्यासाठी या संथ, तासांच्या हिशेबात चालणाऱ्या प्रथिनावर अवलंबून होती.

अलीकडचा एक दुवा पुन्हा रक्त काढलेल्या उंदरांकडूनच आला. नव्या तांबड्या पेशींना लोह लागतं, आणि ते साठ्यातून सोडायचं की अडवायचं हे यकृत ठरवतं. २०१४ मध्ये लिऑन काउट्झ, टॉमस गान्झ आणि एलिझाबेटा नेमेथ यांना आढळलं, की रक्तस्रावानंतर अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरॉन नावाचं संप्रेरक सोडतात, आणि त्यानं यकृत लोहाची वाट मोकळी करतं. मूत्रपिंड मज्जेला सांगतं, मज्जा यकृताला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रक्तदान शिबिरात साडेतीनशे किंवा साडेचारशे मिलिलिटर रक्त दिलेल्या माणसाच्या अंगात हाच निरोप फिरत असतो. रक्तद्रव एक-दोन दिवसांत भरतो, पेशी काही आठवड्यांत, पण रक्ताबरोबर गेलेलं दीडशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह आहारातून परत यायला महिने लागतात. म्हणून आपल्याकडे दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचं अंतर ठरवलेलं आहे.